वाळवीनं खाल्लं, म्हणजे कुणी पाहिलं नाही

मृगाचा पहिला दमदार पाऊस परवा झाला आणि कालपासून माझ्या व्हॉट्सअॅपवर किड्यांचे फोटो येऊ लागलेत. ट्यूबलाइटखाली पडलेला पंखांचा खच, खिडकीच्या कडेला साचलेले पंख, एका घरात तर दाराच्या चौकटीतून बाहेर पडणारी रांगच. खाली प्रश्न ठरलेला, "भाऊ, हे काय आहे? मुंग्यांना पंख फुटलेत का?" एका मित्राने तर मथळाच करून पाठवला, "शहरावर किड्यांचा हल्ला."

हल्ला वगैरे काही झालेला नाही. पण यात एक बातमी आहे. पेपरात तिला दोन इंचांपेक्षा जास्त जागा मिळणार नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. घराची आहे, कागदांची आहे आणि थोडी आपल्या कारभाराचीही आहे. सवडीने वाचा.

आधी ओळख करून घेऊ. हे किडे म्हणजे वाळवी. विदर्भ-खानदेशाकडे उधई म्हणतात तीच. पहिल्या पावसानंतर हवेत दमटपणा आला की वाळवीच्या जुन्या वसाहतीतून पंखवाले नर-मादी बाहेर पडतात, थोडं उडतात, पंख टाकतात आणि जोडीने जमिनीत शिरून नवी वसाहत सुरू करायला बघतात. बहुतेकांचा शेवट पाल, बेडूक आणि चिमण्यांच्या पोटात होतो. जे वाचतात ते पुढचे राजा-राणी.

मुंगी आणि वाळवी ओळखायची सोपी रीत आहे. मेलेला एक किडा कागदावर घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. मुंगीची कंबर सुतासारखी बारीक असते, वाळवीला कंबरच नसते, अंग सरळसोट. मुंगीच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या, वाळवीच्या सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. वाळवीचे चारही पंख सारखे, अंगापेक्षा लांब, आणि हात लावला की गळणारे. शास्त्रज्ञ आता वाळवीला झुरळांच्या कुळात धरतात. मुंगीशी तिचं नातं नाही, उलट वैर आहे. वाळवीच्या वसाहतीवर सगळ्यात मोठे हल्ले मुंग्याच करतात.

आता महत्त्वाचं. रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा अंगणात किडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. ते शेतातून, बांधावरून, कुठूनही आलेले असतील. पण खिडक्या बंद असताना घराच्या आत ते निघाले, किंवा भिंतीच्या, फरशीच्या, चौकटीच्या फटीतून निघताना दिसले, तर वसाहत तुमच्या घराखाली किंवा घराला लागून आहे. आणि वसाहतीतून पंखवाले बाहेर पडायला ती काही वर्षांची मुरलेली असावी लागते. म्हणजे काल ज्यांच्या घरात किडे निघाले, त्यांच्याकडे पाहुणे काल आलेले नाहीत. ते कधीचेच राहतायत.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. वाळवी एका रात्रीत लागत नाही. ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं खाते आणि खाताना खुणा ठेवते. त्या खुणा बघणारं कुणी नसतं, एवढंच.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे मातीची रेघ. भिंतीवर खालून वर चढणारी, पेन्सिलीएवढ्या जाडीची, कधी सरळ तर कधी नदीच्या नकाशासारखे फाटे फुटलेली. कामकरी वाळवी पांढुरकी, नाजूक, आंधळी असते. कोरडी हवा आणि उजेड तिला सोसत नाही. म्हणून ती माती आणि आपली लाळ-विष्ठा कालवून बोगदा करते आणि त्यातून जमिनीतला ओलावा सोबत घेऊन वर जाते. ही रेघ म्हणजे तिचा रस्ता.

आता आपल्याकडे काय होतं? दिवाळीची सफाई निघते. कपाट सरकवलं की मागे रेघ दिसते. "ही माती कशी आली?" म्हणत आपण झाडू मारतो, वरून ओला फडका फिरवतो आणि कपाट परत भिंतीला चिकटवतो. भिंत स्वच्छ. वाळवीचा फक्त रस्ता मोडला, तो ती पुन्हा बांधते. खूण मात्र आपण आपल्या हाताने पुसलेली असते.

झाडू मारण्याआधी एक करा. रेघेचा मधला दोन-तीन इंच तुकडा खरवडून काढा आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहा. आत पांढरे किडे दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले तर चार दिवसांनी परत बघा. तुकडा पुन्हा जोडला गेला असेल तर वाळवी चालू आहे. जोडला गेला नसेल तर तिने रस्ता बदललाय की ती खरंच गेलीय, हे कळायला आजूबाजूला आणखी शोधावं लागेल.

दुसरी खूण आवाजाची. चौकटीवर, खालच्या फूटभर भागात, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भरीव लाकूड ठक् वाजतं, पोखरलेलं बद् वाजतं. वाळवी वरचा पापुद्रा आणि रंग शाबूत ठेवून आतून खाते. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात खणाच्या खांबांना ऑइलपेंट असा चकचकीत होता की पाहुणे कौतुक करायचे. सुताराने एका खांबात पटाशी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. जोर लावावाच लागला नाही. आत लाकडाऐवजी मातीचे थर होते. त्याच खांबावर तुळई, तुळईवर माळवद, माळवदावर टनावारी माती. खाली आम्ही जेवायला बसायचो.

तिसरी खूण म्हणजे रंगाला आलेले फुगे, लाकडावर पडलेली सुरकुती आणि अचानक घट्ट झालेलं दार. यात पावसाळ्यातल्या साध्या ओलीचाही हात असू शकतो, म्हणून ठोकून खात्री करायची.

एक घोटाळा टाळा. दिवाणाखाली, वाशाखाली किंवा बांबूच्या टोपलीखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल आणि लाकडाला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. त्याच्यासाठी जमिनीत औषध ओतून काही होणार नाही. जमिनीतली वाळवी अशी पूड पाडत नाही, ती माती भरते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत आणखी एक जात आहे, कोरड्या लाकडातच राहणारी. ती खसखशीसारखे दाणे टाकते आणि तिला जमिनीची गरज नसते. आपल्या मराठवाड्यात मात्र बहुतेक त्रास जमिनीतून येणाऱ्या वाळवीचाच.

आता घराबाहेर पडू. ज्या गोष्टीमुळे ही पोस्ट लिहायला बसलो, ती सांगतो.

मागच्या जूनमध्ये शेजारच्या गावातले एक शेतकरी माझ्याकडे आले. मुलगा बारावी झालेला, गुण चांगले, प्रवेशाची फेरी तोंडावर. जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा. ज्यांनी हा फेरा मारलाय त्यांना माहीत आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद लागतो. ज्यांच्या घरात तेव्हा कुणाच्या नावावर जमीन नव्हती, त्यांना बहुतेक वेळा एकच कागद तारतो, आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा प्रवेश-निर्गम उतारा. या माणसाचे चुलत आजोबा १९५० च्या दशकात गावच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते. त्या दोन इयत्तांवर नातवाचा प्रवेश अडकला होता.

शाळेतून उत्तर मिळालं होतं, "रजिस्टर वाळवीनं खाल्लंय." तोंडी. लेखी काही नाही. ते मला म्हणाले, "साहेब, तुम्ही एकदा बघा तरी. खोटं सांगत असतील."

आम्ही दोघं गेलो. मुख्याध्यापक खोटं बोलत नव्हते. वर्षभरापूर्वीच बदलून आलेले, भले गृहस्थ. त्यांनी स्वतः कपाट उघडून दाखवलं. लाकडी कपाट, पाठ भिंतीला टेकलेली, भिंतीच्या पलीकडे पाण्याची टाकी, भिंतीला वर्षानुवर्षांची ओल. वाळवीला जे जे हवं ते सगळं एका जागी. खालच्या खणात जुनी रजिस्टरं एकावर एक रचलेली होती. सगळ्यात वरचं रजिस्टर मी हातात घेतलं. कापडी पाठ आणि पुठ्ठा जसाच्या तसा, वर शाईत लिहिलेली वर्षंही वाचता येत होती. उघडलं तर आत पानं नव्हती. पानांच्या आकाराचं मातीचं ढेकूळ होतं. कडेला दोन बोटं रुंद कागद उरलेला, त्यावर अनुक्रमांक. नावाचा रकाना गेला, जातीचा रकाना गेला, जन्मतारीख गेली. अनुक्रमांक मात्र पस्तीसपासून साठपर्यंत ओळीने शिल्लक.

ते शेतकरी बराच वेळ ते धरून उभे होते. मग म्हणाले, "ह्यातच असंल की हो कुठंतरी."

बाहेर पोषण आहाराच्या खिचडीचं पातेलं घासत बसलेल्या मावशी आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "कपाटामागं मातीची रेघ लई दिसायची. दोन वर्षं झाली असतील. मी दर शनवारी झाडूनं काढायचे. सोमवारपर्यंत परत यायची."

मावशींचा यात काडीचा दोष नाही. त्यांना झाडायला सांगितलं होतं, त्यांनी झाडलं. ती रेघ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं ते कधी कपाटामागे वाकले नव्हते. दोन वर्षं, म्हणजे शंभरेक शनिवार. शंभर वेळा वाळवीने सांगितलं की मी इथे आहे, आणि शंभर वेळा शाळेने ते केराच्या टोपलीत टाकलं.

त्या मुलाला त्या वर्षी खुल्या प्रवर्गातून पूर्ण फी भरून प्रवेश घ्यावा लागला. त्यासाठी घरात कर्ज झालं. पुढे आठ महिन्यांनी भावकीतल्या एका आजीचा उतारा दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत सापडला आणि काम झालं. पण भरलेली फी गेली ती गेली. शाळेचं नाव लिहीत नाही. कारण त्यानंतर मी तालुक्यातल्या आणखी काही शाळा आणि दोन-तीन कार्यालयं मुद्दाम बघितली आणि तशीच कपाटं तशाच भिंतींना टेकलेली सापडली. एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं का सोडायचं?

मराठवाड्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच जड आहे. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आपले जुने कागद काही उर्दूत, काही मोडीत, बरेचसे रुमालात बांधून ठेवलेले. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी कार्यालयातले रुमाल सोडले जाऊ लागले. आरक्षणावर तुमचं-माझं मत काहीही असो. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली, की शंभर वर्षांपूर्वी कुण्या पाटील-पटवाऱ्याने किंवा मास्तराने बोरूने लिहिलेल्या एका ओळीवर आज कुणाची तरी नोकरी, कुणाचं तरी शिक्षण उभं राहतं. महसूलचे बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, ते चांगलं झालं. मी पाहिलेल्या शाळांची रजिस्टरं मात्र अजून कागदावरच आहेत. एकच प्रत, आणि ती सगळ्यात खालच्या खणात.

कुणाला वाटेल हे फक्त शाळा-पंचायतीत होतं. बँकेतही होतं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात २०११ साली एका बँक शाखेत ठेवलेल्या सुमारे १ कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याची बातमी देशभर गाजली होती. २०२३ मध्ये मुरादाबादच्या एका आईने लेकीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेल्या १८ लाखांचा भुसा झाला. लॉकरच्या करारात रोख रक्कम ठेवायला परवानगी नसते, हेही अनेकांना अशाच बातम्यांमुळे कळलं. सांगायचा मुद्दा, लोखंडी कपाट किंवा तिजोरी म्हणजे हमी नव्हे. वाळवी लोखंड खात नाही, पण लोखंडावरून रेघ बांधत फटीतून आत जाते.

आता कारभाराचं बोलू. "वाळवीनं खाल्लं" हे उत्तर आपल्याकडे शेवटचं उत्तर मानलं जातं. ऐकणारा कपाळाला हात लावतो आणि घरी जातो. तिथे थांबू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवणं हे कार्यालयाचं काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. सरकारी कागद कसा जपायचा आणि कोणत्या पद्धतीनेच नष्ट करायचा, याचे नियम आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की एकेकाळी सरकारी दप्तरात असलेली माहिती नुसतं "सापडत नाही" म्हणून नाकारता येणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी ठरवावी लागेल. निकाल दिल्लीचा असला तरी मुद्दा आपल्या अपिलात मांडता येतो.

म्हणून तोंडी उत्तर मिळालं की दहा रुपयांचा अर्ज करा आणि एवढंच विचारा. नुकसान पहिल्यांदा कधी दिसलं आणि त्याची नोंद कुणी केली? पंचनामा झाला का, त्याची प्रत द्या. कोणत्या वर्षांची कोणती रजिस्टरं गेली, यादी द्या. त्याआधीच्या पाच वर्षांत वाळवी प्रतिबंधासाठी काय केलं, त्याची बिलं द्या. उरलेली पानं कुठे आहेत, ती बघायला द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कधी कधी या अर्जाच्या धाकाने "खाल्लेलं" रजिस्टर सापडतंही. वाळवीच्या नावावर बरंच काही खपवलं जातं, हे पत्रकारितेच्या वीस वर्षांत बघून झालंय. खरंच वाळवी असेल तर माती असते, कुरतडलेल्या कडा असतात, भिंतीवर रेघ असते. बघायला मागा. वाळवी पुरावा मागे ठेवते, फाइल पळवणारा ठेवत नाही.

आणि शिक्षक-ग्रामसेवक मित्रांनो, अर्धं खाल्लेलं रजिस्टर जाळू नका, फेकू नका. बाकीच्यांपासून वेगळं काढा, सावलीत वाळवा, मऊ ब्रशने माती झटका आणि उरलेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नावाचा तुकडा जरी वाचता आला तरी कुणाचं तरी काम होऊ शकतं. धड रजिस्टरांचेही फोटो आत्ताच काढा. रॅक भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, खालचा खण जमिनीपासून वर घ्या, ओलीच्या भिंतीची गळती आधी बंद करा. याला निधी लागत नाही, एक शनिवार लागतो.

आता घरच्या उपायांबद्दल, कारण "मग करायचं काय?" हा पुढचा मेसेज येणारच. रॉकेल, मीठ, हिंग, कडुलिंबाचं तेल, गाडीचं जळकं ऑइल हे सगळं लोक करतात. लाकडावर लावल्याने तेवढ्या जागी ती काही दिवस फिरकत नाही. पण वसाहत जमिनीत असते, तिथवर यातलं काही पोहोचत नाही. आणि हात जोडून सांगतो, कपाशी-सोयाबीनवरचं उरलेलं औषध घरात ओतू नका. शेतातलं औषध मोकळ्या हवेत वापरायचं असतं. बंद खोलीत, जिथे लेकरं जमिनीवर झोपतात, तिथे ते वाळवीपेक्षा मोठं संकट आहे.

पेस्ट कंट्रोलवाला बोलवाल तर डोळे उघडे ठेवा. आमच्या गल्लीत एक जण पाठीवर पंप घेऊन आला, वीस मिनिटांत सगळ्या चौकटी ओल्या केल्या, सात हजार घेतले आणि लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी लिहून गेला. पुढच्या पावसाळ्यात रेघ परत आली. गॅरंटीवरचा नंबर बंद. बांधलेल्या घरातल्या उपचारासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण फूटभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून, जमिनीत औषधाचं द्रावण सोडून भोकं बुजवतात. वरवर फवारलं म्हणजे उपचार झाला नाही. औषधाचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, नाव वाचा, लेबलवर वाळवीसाठी आणि इमारतीसाठी लिहिलंय का बघा, पाण्यात किती मिसळायचं ते लेबलप्रमाणेच मिसळायला लावा. कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे या व्यवसायाला परवाना लागतो, तो मागा. घराशेजारी आड किंवा बोअर असेल तर आधी सांगा. आणि पक्कं बिल घ्या.

घर बांधताय त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त वेळ जोत्याची आहे. भर टाकून झाली, ठोकून झाली आणि वर काँक्रीट पडायच्या आधी मानकाप्रमाणे चौरस मीटरला ५ लिटर द्रावण जमिनीवर द्यायचं. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं. म्हणजे जमिनीपुरतं १२५ लिटर तयार द्रावण. पायाच्या भिंतींच्या कडेने द्यायचं ते वेगळं. १ लाख २० हजारांच्या अनुदानात हा खर्च काढणं जिवावर येतं, मला माहीत आहे. मग निदान फुकटातलं तरी करा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडांची मुळं जोत्याच्या भरीत पुरू देऊ नका. गवंडी आणि गुत्तेदार सर्रास पुरतात. ते वाळवीला दिलेलं आवतण आहे. आणि राहायला गेल्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा, जळण घराच्या भिंतीला टेकून रचू नका. चार फूट लांब ठेवा. गळका नळ दुरुस्त करा. ओल तोडली तर अर्धी वाळवी तोडली.

एवढं लिहिल्यावर कुणी उठून बांधावरची वारुळं फोडायला निघू नये. नागपंचमीला आपल्या आया-बहिणी ज्या वारुळाला लाह्या-दूध वाहतात, ते बांधलेलं असतं वाळवीने. नाग नंतर येतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण तिथलीच. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत, भारतात तीनशेच्या आसपास. त्यातल्या थोड्याच घरात शिरतात. बाकीच्या रानात वाळलेलं लाकूड, पालापाचोळा, काडीकचरा मातीत मिळवतात, जमीन पोकळ करतात, पाणी मुरवतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीचीच. तिच्याशिवाय शेताला भागणार नाही. शेतातलं वारूळ फोडून घरातली वाळवी जातही नाही. ती आपलं काम करते. तिला कळत नाही की एका कागदावर खताची पावती आहे आणि दुसऱ्यावर एखाद्या पोराचं भविष्य. तो फरक आपल्याला कळतो, म्हणून राखण आपल्याकडे आहे.

शाळा येत्या आठवड्यात उघडतायत. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी पहिल्याच बैठकीत एक विषय घ्यावा, जुन्या रजिस्टरांची पाहणी. सगळ्यांनी उठून कपाटापर्यंत जायचं, ते पुढे ओढायचं, मोबाइलचा टॉर्च लावून मागची भिंत आणि खालचा खण बघायचा, आणि जे दिसेल ते इतिवृत्तात लिहायचं. माती दिसली तर "माती दिसली" असं तारखेसह. दर तीन महिन्यांनी तेच. आणि शाळा झाडणाऱ्या मावशींना सांगा की मातीची रेघ दिसली तर आधी मुख्याध्यापकांना हाक मारा, मग झाडू मारा.

पोस्ट आपापल्या गावच्या मुख्याध्यापकांना, ग्रामसेवकांना आणि सरपंचांना पाठवा. घर बांधणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यालाही. लाइक नाही केलं तरी चालेल. कपाट मात्र पुढे ओढा.